हौसेचे मोल आणि हळहळीचे व्याज

‘हौसेला मोल नसते’ असे मराठी माणूस म्हणतो खरा. परंतु हौसेची पावती मात्र नेहमी आकड्यांतच फाटते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी रायपूरच्या सदर बाजारात, मालवीय रोडवर किंवा गोलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. सराफी पेढ्यांपासून भांड्यांच्या दुकानांपर्यंत आणि पंडरीच्या कापड बाजारापासून नव्या मॉलपर्यंत सर्वत्र एकच लगबग असते. त्या खरेदीतील बरीचशी गरजेची असते, आनंदाचीही असते. परंतु तिचाच काही भाग पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत पोटमाळ्यावरून खाली येतो, अंगावरची धूळ झटकून घेतो आणि पुन्हा वर जाऊन बसतो. दोनदाच वापरलेला फूड प्रोसेसर, पट्टा घट्ट झालेले व्यायामाचे यंत्र, जरीला काळपट छटा आलेली पैठणी, कधीही न उघडलेला विश्वकोशांचा संच अशी ही मंडळी असते.

अशा वस्तूंकडे पाहून घरातील माणसे हळहळतात, एकमेकांना दोष देतात किंवा हसून विषय बदलतात. वाया गेलेल्या पैशातून घेण्यासारखा धडा मात्र बहुधा तसाच राहून जातो. चुकीच्या खरेदीतील तोट्याचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे वस्तूची किंमत. ती दुकानात एकदाच मोजली जाते. दुसरा भाग म्हणजे ती चूक मान्य न केल्यामुळे पुढे वर्षानुवर्षे मोजावा लागणारा पैसा, जागा आणि मनस्ताप. बँकेच्या भाषेत बोलायचे तर पहिला भाग मुद्दल होय आणि दुसरा व्याज. मुद्दल गेले ते गेले. व्याज थांबवणे मात्र प्रत्येकाच्या हाती असते.

जुने मराठी घर, नवा बाजार

रायपूर आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपूरवर स्वारी केली आणि छत्तीसगडात मराठी अंमलाचा पाया घातला गेला. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पण त्या काळात व नंतर नोकरी-व्यवसायासाठी आलेली मराठी कुटुंबे येथेच रुजली. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत आणि १९३५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत त्या मुळांची ओळख आजही पटते.

या जुन्या घरांच्या अर्थव्यवहाराची एक ठरलेली चाल होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाणसामानाची यादी होई. कापडखरेदी दिवाळीला आणि लग्नसराईत, तर सोने पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला घेतले जाई. खरेदीला मुहूर्त लागे आणि मुहूर्ताची वाट पाहता पाहता अनेक मोह आपोआप विरून जात. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले आणि शहराचा व्याप झपाट्याने वाढला. नव्या वसाहती, गृहनिर्माण संकुले, मॉल, वाहनांची दालने आली. पाठोपाठ मोबाईलवरची दुकाने आली. आता खरेदीला मुहूर्त लागत नाही, दुकानापर्यंत जावेही लागत नाही. मोह आणि खरेदी यांच्यामधले अंतरच नाहीसे झाले. हळहळीच्या खरेदीचे मूळ बहुतेक वेळा या हरवलेल्या अंतरात सापडते.

चार आण्यांची कोंबडी

‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण सर्वांच्या तोंडी असते. नव्या घरात राहायला जाणाऱ्या कुटुंबाला तिचा पुरेपूर प्रत्यय येतो. सदनिकेसाठी कर्ज काढताना पै-पैचा हिशेब होतो. पण दिवाणखान्याला रंग लागला की जुना सोफा विजोड दिसू लागतो. सोफा बदलला की पडदे जुने वाटतात, पडद्यांमागून दिवे, दिव्यांमागून टीव्ही! प्रत्येक वस्तू सुटी पाहिली तर किरकोळ वाटते आणि सगळ्यांची मिळून रक्कम वर्षभराच्या हप्त्यांइतकी होते.

हा अनुभव आजचा किंवा केवळ आपल्याकडचा नाही. फ्रान्समधील विचारवंत देनी दिदरो यांनी १७६९ च्या सुमारास आपल्या जुन्या झग्याच्या वियोगावर एक निबंध लिहिला. त्यांच्याकडे नवा, उंची, लाल रंगाचा झगा आला. त्याच्या तोऱ्यापुढे अभ्यासिकेतील साधी खुर्ची, जुने मेज, भिंतीवरची चित्रे सारेच दीनवाणे वाटू लागले. एकेक करून सर्व वस्तू बदलल्या गेल्या. शेवटी दिदरोंना उमगले की जुन्या झग्याचे ते धनी होते, नव्याचे मात्र चाकर झाले होते. १९८८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्क्रॅकन यांनी या साखळीला दिदरोंचेच नाव दिले.

यातून मिळणारा धडा व्यवहाराचा आहे. वस्तू घेताना केवळ तिची किंमत पाहून भागत नाही. ती आपल्याबरोबर आणखी काय काय मागवणार आहे, हेही पाहावे लागते. मोठी गाडी विम्याचा मोठा हप्ता मागते, महागडे पाणी शुद्धीकरण यंत्र दरवर्षी फिल्टर मागते, भारी साडी त्याच तोलाचे दागिने मागते. अंदाजपत्रकात कोंबडीबरोबर मसाल्याचाही आकडा लिहावा, हे आपल्या म्हणीने कधीच सांगून ठेवले आहे.

उद्याच्या स्वतःसाठी आजची खरेदी

पोटमाळ्यावरील वस्तूंचे निरीक्षण केले तर त्यांतील पुष्कळशा वस्तू घरातील प्रत्यक्ष माणसांसाठी घेतलेल्याच नव्हत्या असे दिसते. त्या घेतल्या होत्या पुढे कधीतरी होऊ इच्छिणाऱ्या माणसांसाठी: रोज पहाटे धावणाऱ्या वडिलांसाठी, घरीच केक-बिस्किटे भाजणाऱ्या आईसाठी, गिटार शिकणाऱ्या मुलासाठी. वस्तू विकत घेताना तो गुणही विकत मिळाल्याचा भास होतो. मग नव्याचे नऊ दिवस संपतात. गुण काही अंगी येत नाही आणि वस्तू मात्र उरते.

अमेरिकेतील स्टेफानो देलाविन्या व उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील तीन व्यायामशाळांच्या सदस्यांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दरमहा ७० डॉलरहून अधिक शुल्क भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच व्यायामशाळेत जात होते. म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून अधिक खर्च येत होता. त्याच ठिकाणी दहा खेपांचा पास घेतला असता, तर एका खेपेला १० डॉलर पडले असते. या सदस्यांना हिशेब येत नव्हता असे नव्हे. आपण नियमित येऊ हा त्यांचा स्वतःविषयीचा अंदाजच चुकला होता.

रायपूरमधील घरालाही हा हिशेब लागू पडतो. ४० हजार रुपयांचे व्यायामाचे यंत्र वर्षभरात २० वेळा वापरले गेले आणि नंतर बंद पडून राहिले, तर एका वेळच्या व्यायामाची किंमत २,००० रुपये झाली. शिवाय यंत्राने १५ चौरस फूट जागा अडवली आणि घराचा दर चौरस फुटाला ५,००० रुपये धरला, तर ७५ हजार रुपयांची जागा त्याच्या दिमतीला गुंतून पडली. म्हणून अशी खरेदी करण्यापूर्वी आधी सवय आणि मग साधन हा क्रम बरा. तीन महिने सकाळी फिरायला जाण्याचा नेम टिकला, तर यंत्राचा विचार करावा. मुलाने उसनी आणलेली गिटार सहा महिने वाजवली, तर नवी घ्यावी. सवयीची परीक्षा होण्याआधी साधनाला घरात प्रवेश नसावा.

सोने : दागिना की गुंतवणूक?

महाराष्ट्रीय घरात सोन्याला ‘अडीअडचणीचा सोबती’ मानले जाते आणि त्यात तथ्यही आहे. तथापि दागिना आणि गुंतवणूक यांची गल्लत झाली की हळहळ वाट्याला येते. समजा, एका दागिन्यातील सोन्याची किंमत १ लाख रुपये आहे आणि घडणावळ १२ टक्के आहे. घडणावळीसह रक्कम १ लाख १२ हजार रुपये होते. त्यावर ३ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे ३,३६० रुपये. ग्राहक एकूण १ लाख १५ हजार ३६० रुपये मोजतो. तोच दागिना दुसऱ्या दिवशी मोडायला नेला, तर सोन्याचा भाव स्थिर असला तरी घडणावळ व कर परत मिळत नाहीत. म्हणजे १५ हजार ३६० रुपये तर गेलेच. तूट वा घट धरली गेली तर त्याहून अधिक.

दागिना अंगावर घालायचा असेल, लेकीच्या लग्नात द्यायचा असेल, तर ही रक्कम त्या आनंदाचे मोल होय आणि तिच्याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र ‘पैसा सुरक्षित राहावा’ म्हणून घेतलेला जड दागिना लॉकरमध्येच पडून राहिला, तर घडणावळही गेली आणि वर लॉकरचे भाडेही चढत राहिले. घेण्याआधी उद्देश स्पष्ट असला की हा घोटाळा होत नाही.

शुद्धतेच्या बाबतीत ग्राहकाची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे. देशात सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्किंगची योजना २००० मध्ये सुरू झाली. जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची करण्यात आली आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर अंक व अक्षरे मिळून सहा चिन्हांचा स्वतंत्र ओळख क्रमांक आवश्यक ठरला. भारतीय मानक ब्यूरोच्या मोबाईल ॲपवर हा क्रमांक टाकून पडताळणी करता येते. बिलात सोन्याचे वजन, शुद्धता, खड्यांचे वजन व घडणावळ वेगवेगळी लिहून घेणे हे ग्राहकाचे काम आहे. बिल न घेता वाचवलेला कर पुढे दागिना मोडताना किंवा तक्रार करताना महाग पडतो.

सोपे हप्ते, अवघड हिशेब

‘ऋण काढून सण’ करू नये, ही शिकवण जुनी आहे. पण आजचे ऋण ऋणासारखे दिसत नाही. ते ‘बिनव्याजी सोपे हप्ते’ या नावाने येते. एका उपकरणाची छापील किंमत ३० हजार रुपये आहे. रोख घेतल्यास दुकानदार २,५०० रुपये सूट देतो, म्हणजे वस्तू २७,५०० रुपयांना पडते. ‘शून्य टक्के’ योजनेत मात्र सूट नाही. ३ हजार रुपयांचे १० मासिक हप्ते, सुरुवातीला ५०० रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के करापोटी ९० रुपये. एकूण ३०,५९० रुपये. रोखीपेक्षा ३,०९० रुपये जास्त! दरमहा कर्ज फिटत जाते हे लक्षात घेऊन हिशेब केला, तर या ‘बिनव्याजी’ कर्जाचा दर वार्षिक सुमारे २४ टक्के निघतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना या बाबतीत सावध केले होते. शून्य टक्के व्याज असे काही नसते, अशा योजनांत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने दडवले जाते, अशी ती भूमिका होती.

हप्त्यांचा दुसरा परिणाम मनावर होतो. रोख नोटा मोजून देताना हात किंचित अडखळतो. कार्ड किंवा मोबाईलने पैसे देताना तो अडखळत नाही. ड्रॅझेन प्रेलेक व डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना क्रीडा सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितले होते. कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे ज्यांना सांगितले, त्यांच्या बोली रोखीने देणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाल्या. डिजिटल व्यवहाराची सोय मोठी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्या क्षणी हात अडखळायचा, त्या क्षणाची भरपाई दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने करावी लागते. मोठ्या खरेदीसाठी वेगळे खाते ठेवणे, मोबाईलवरील व्यवहाराची दैनंदिन मर्यादा कमी ठेवणे, कार्डाचा तपशील खरेदीच्या ॲपमध्ये साठवून न ठेवणे हे त्यातील सोपे उपाय होत.

हाती एकदम आलेला पैसा

रायपूरच्या आसपासचा प्रदेश धानाचा आहे. ‘धानाचा कटोरा’ ही छत्तीसगडची ओळखच आहे. २०२३-२४ च्या खरीप हंगामात राज्य शासनाने एकरी २१ क्विंटलपर्यंत धान ३,१०० रुपये क्विंटल या दराने घेण्याचे धोरण राबवले. म्हणजे एकरामागे ६५,१०० रुपयांपर्यंत रक्कम. या रकमेचा काही भाग खात्यात एकदम जमा होतो आणि शहराच्या बाजाराचे डोळे त्या तारखेकडे लागलेले असतात. नोकरदाराच्या घरी बोनस, वेतनवाढीची थकबाकी किंवा निवृत्तीची रक्कम आली की हेच घडते.

महिन्याच्या पगारातून एक हजार रुपये खर्च करताना दहा वेळा विचार करणारा माणूस थकबाकीच्या रकमेतून पन्नास हजारांची वस्तू सहज घेतो. पैसा तोच असतो; मनातील खातेवहीत मात्र एक ‘कष्टाचा’ आणि दुसरा ‘वरचा’ म्हणून नोंदला जातो. रिचर्ड थेलर यांनी या ‘मनातल्या खातेवही’चा सविस्तर अभ्यास केला, त्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकदम आलेली रक्कम काही आठवडे अल्प मुदतीच्या ठेवीत ठेवावी, हा बँकेतील अनुभवी अधिकाऱ्यांचा सल्ला याच कारणाने शहाणपणाचा ठरतो. त्या अवधीत ‘वरचा’ पैसा हळूहळू ‘आपला’ होतो आणि आपल्या पैशाची काळजी माणूस आपोआप घेऊ लागतो.

बुडत्याचा पाय खोलात

आतापर्यंत जो विचार झाला तो मुद्दलाचा. व्याजाचा भाग याहून गंभीर आहे. घेतलेली वस्तू चुकीची निघाली तरी ‘एवढे पैसे घातले आहेत’ म्हणून माणूस तिच्यावर आणखी पैसे घालतो. सतत बिघडणाऱ्या जुन्या गाडीला नवे इंजिन, न आवडलेल्या अभ्यासक्रमाची पुढच्या वर्षाची फी, मुदत ठेव समजून घेतलेल्या विमा पॉलिसीचा आणखी एक हप्ता ही त्याची नेहमीची रूपे होत.

हॅल आर्क्स व कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे घेणाऱ्यांपैकी काहींना पूर्ण किमतीत म्हणजे १५ डॉलरला तिकीट मिळाले. काहींना न मागता २ डॉलरची, तर काहींना ७ डॉलरची सूट मिळाली. नाटके तीच, जागा तीच. तरीही हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजलेल्यांनी अधिक नाटकांना हजेरी लावली. नाटक पाहावेसे वाटते का, यापेक्षा ‘पैसे भरलेत ना’ हा विचार वरचढ ठरला.

हा दोष घराप्रमाणेच सरकारांनाही जडतो. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ मध्ये करार करून काँकॉर्ड हे ध्वनीहून वेगवान प्रवासी विमान उभारायला घेतले. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट वाढला, मागणी मिळेना, तरी काम पुढे रेटले गेले. १९७६ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली, पण दोन्ही देशांच्या विमान कंपन्यांच्या सेवेत एकूण मिळून अवघी १४ विमानेच आली. २००३ मध्ये ही सेवा बंद झाली.

रायपूरकरांना यासाठी दूर पाहण्याची आवश्यकता नाही. शास्त्री चौकाच्या परिसरात २०१७ मध्ये पादचाऱ्यांसाठी ‘स्कायवॉक’चे काम सुरू झाले. २०१८ च्या अखेरीस राज्यात सत्तांतर झाले आणि काम थांबले; लोखंडी सांगाडा कित्येक वर्षे रस्त्यावर उभा राहिला. पाडावा की पूर्ण करावा, याची चर्चा शहरात सतत होत राहिली. २०२५ मध्ये राज्य शासनाने तो पूर्ण करण्याचा निर्णय घेतला. कोणाची बाजू योग्य, हा येथे विषय नाही. मात्र त्या चर्चेत वारंवार ऐकू आलेले ‘एवढे कोट्यवधी खर्च झालेच आहेत’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. खर्च झालेले कोटी पूर्ण केल्याने परत येत नाहीत, पाडल्यानेही येत नाहीत. विचारायचा प्रश्न एकच असतो: यापुढे लागणाऱ्या पैशातून यापुढे किती उपयोग होणार? उपयोग अधिक असेल तर पूर्ण करणे शहाणपणाचे, नसेल तर थांबणे शहाणपणाचे. गाडी, अभ्यासक्रम किंवा पॉलिसी यांनाही हाच प्रश्न विचारावा.

थांबणे म्हणजे हार मानणे नव्हे, याचे उदाहरणही याच भूमीतील मराठी माणसांनी घालून दिले आहे. १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी रामराव चिंचोळकर व रायपूरचे वामनराव लाखे यांच्या सहकार्याने पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. मासिकाला नाव मिळाले, पण आर्थिक बळ मिळाले नाही. तीन वर्षांनी, १९०२ च्या अखेरीस ते बंद करावे लागले. मासिक थांबले, काम थांबले नाही. सप्रे यांनी पुढे नागपुरात १९०७ मध्ये ‘हिंदी केसरी’ काढला, ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. लाखे यांनी १९१३ मध्ये रायपुरात सहकारी बँकेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. तोट्यातील एक वही मिटली म्हणून त्यांच्या हातून पुढची पाने लिहिली गेली.

व्याज थांबवण्याचे मार्ग

पहिला मार्ग म्हणजे दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक पडून राहिलेल्या वस्तूला एक प्रश्न विचारणे: ‘ही वस्तू आज घरात नसती, तर आजच्या जुन्या-बाजाराच्या भावाने ती पुन्हा घेतली असती काय?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर ती विकावी किंवा उपयोग करणाऱ्याला द्यावी. ४० हजारांचे यंत्र १२ हजारांना जाते, याचे दुःख होते. पण ते न विकल्याने २८ हजार परत येत नाहीत, उलट पुढच्या वर्षी १२ हजारांचे ८ हजार होतात.

दुसरा मार्ग खात्याच्या उताऱ्याचा. वर्षातून दोनदा पासबुक घेऊन बसावे आणि आपोआप वजा होणाऱ्या रकमांवर खूण करावी. न पाहिलेल्या वाहिन्या, न वापरलेली सदस्यत्वे, विसरलेले देखभाल करार तेथे सापडतात. विमा पॉलिसीबाबत मात्र घाई करू नये. भरलेली रक्कम बाजूला ठेवून, आज मिळणारी सरेंडर व्हॅल्यू आणि पुढील हप्त्यांतून मिळणारे संरक्षण व परतावा यांची लेखी तुलना करावी, मगच निर्णय घ्यावा. नवी पॉलिसी मनासारखी नसल्यास ती परत करण्याची मुदत २०२४ च्या नियमांनुसार दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांची आहे. पॉलिसी हाती येताच वाचणे म्हणूनच अगत्याचे.

तिसरा मार्ग हक्कांचा. वस्तू सदोष असेल किंवा फसवून विकली गेली असेल, तर हळहळत बसणे हेही एक व्याजच आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून अमलात आला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. खरेदीच्या संकेतस्थळांवरील ‘फक्त दोन नग शिल्लक’ अशी खोटी निकड, नकळत टोपलीत पडणाऱ्या वस्तू, रद्द करता न येणारी वर्गणी अशा १३ क्लृप्त्यांना ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी आळा घातला आहे. ‘आणखी चार सदस्य आणा आणि कमवा’ असे सांगून महागडी वस्तू गळ्यात मारणाऱ्या पिरॅमिड योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी मनाई केली आहे. पावती जपून ठेवणाऱ्यालाच या सर्व तरतुदींचा लाभ होतो.

चौथा मार्ग जुन्या मुहूर्ताचा. मोठी वस्तू मनात भरली की तिचे नाव, किंमत आणि तारीख वहीत लिहावी व महिनाभर थांबावे. महिन्याने ती तितकीच हवीशी वाटली, तर निःशंक मनाने घ्यावी. त्याच वहीच्या मागच्या पानांवर फसलेल्या खरेद्यांचीही नोंद असावी: काय घेतले, कितीला, का घेतले आणि किती वेळा वापरले. दोन-तीन वर्षांत त्या नोंदींतून घराचा स्वभाव दिसू लागतो. कोणाचे घर सवलतीच्या पाटीला भुलते, कोणाचे शेजाऱ्याच्या गाडीला, कोणाचे विक्रेत्याच्या गोड बोलण्याला. स्वभाव कळला की सावधगिरी कोठे बाळगावी, हेही कळते.

तीजेला माहेरी आलेल्या लेकीला घेतलेली साडी, आजोबांच्या हाती दिलेला नवा रेडिओ, मुलांबरोबर पाहिलेले नाटक यांचा हिशेब प्रत्येक वेळी रुपयांत मांडण्याची गरज नाही. त्यांचे मोल त्याच दिवशी वसूल झालेले असते. वाया जातो तो पैसा, जो कोणालाच आनंद देत नाही आणि तरीही ‘एवढे घातलेत’ म्हणून आणखी मागत राहतो. येत्या धनत्रयोदशीला नवे काही घरात आणण्यापूर्वी पोटमाळ्यावरचे एखादे जुने खाते बंद झाले, तर लक्ष्मीपूजनाच्या वहीचे पहिले पान त्या नोंदीनेच उघडायला हरकत नाही.